पाण्याचं सँडविच

कोलंबीचं थंड सँडविच घरी केलं की बिघडतं, अशी एक समजूत आहे. पाव भिजतो, सारण बुळबुळीत होतं, कोलंबी एकतर रबरासारखी लागते नाहीतर तिला चवच नसते. मग दोष कुणाला द्यायचा तेही ठरलेलं असतं. मेयोनेज बरं नव्हतं, पाव ताजा नव्हता, आणि शेवटी, ‘मला नाही बाबा जमत असलं काही’. पुढच्या वेळी तेच सँडविच बाहेरून मागवलं जातं.

माझं म्हणणं असं आहे की यात करणाऱ्याच्या हाताचा दोष फार थोडा असतो. हे सँडविच पाण्याने बिघडतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी आपण कोलंबीच्या भावाने विकत आणलेलं असतं. चवीबद्दल वाद घालता येतो, वजनाबद्दल येत नाही. ज्याच्या घरी वजनकाटा आहे त्याला हे स्वतः पडताळून बघता येईल.

आधी पदार्थाविषयी. शिजवून गार केलेली कोलंबी, मेयोनेज, काहीतरी कुरकुरीत, काहीतरी आंबट, आणि पाव. एवढंच. अमेरिकेत त्यात सेलरी घालतात आणि बऱ्याच ठिकाणी लोण्यात भाजलेल्या लांबट बनमध्ये भरतात. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाकीटबंद प्रॉन मेयोनेज सँडविच विकायला काढलं आणि ते इतकं रुजलं, की २००० साली मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन स्टेडियममधल्या बड्या पाहुण्यांवर घसरला तेव्हा त्याने त्यांच्या हातातल्या प्रॉन सँडविचचाच उद्धार केला. स्वीडनमध्ये टोरे व्रेटमन नावाच्या शेफने १९५०च्या दशकात परतलेल्या पावावर कोलंबी, मेयोनेज आणि शेपू असा ‘टोस्ट स्कागेन’ आणला. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्याच स्वीडनमध्ये एखादा काही कष्ट न करता वर पोचला, की तो ‘कोलंबीच्या सँडविचवरून घसरत आला’ असं म्हणतात.

आपल्याकडचे खवय्ये यावर म्हणतात, कालवण आहे, खिचडी आहे, कोलंबीचं लोणचं आहे, सोड्यांचं काय काय आहे. हे परकं खूळ कशाला? मला हे सगळे पदार्थ आवडतात आणि मी ते करतो. पण कालवणात चिंच, नारळ, लसूण आणि मसाला मिळून सुमार कोलंबीचीही अब्रू राखतात. सँडविचमध्ये तशी सोय नाही. तिथे कोलंबी गार असते, उघडी असते, आणि तिच्याभोवती फक्त तेल आणि आंबटपणा असतो. ती चांगली नसेल तर पहिल्याच घासाला कळतं. म्हणून आपण काय विकत घेतो आहोत हे तपासायला हा पदार्थ कालवणापेक्षा उपयोगाचा आहे. मला तो निव्वळ चवीसाठीही आवडतो, पण वाद घालायला हे कारण पुरेसं आहे.

आता वजनाकडे येऊ. ‘सोललेली, धागा काढलेली, धुतलेली’ अशी तीन विशेषणं मिरवणारं २५० ग्रॅमचं पाकीट मी अॅपवरून मागवलं. रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून सकाळी तोललं, तर २०८ ग्रॅम. शिजवून, निथळून पुन्हा तोललं, तर १४१. मग मंडईतून आणून घरी सोललेली कोलंबी, तीही २५० ग्रॅम, त्याच पातेल्यात त्याच पद्धतीने शिजवली. ती भरली १९६. कोलंबी शिजताना पाणी सोडते, हे कुणीच नाकारत नाही. पण दोघींतला ५५ ग्रॅमचा फरक हा स्वयंपाकाचा भाग नाही. तो फरक बिलात होता.

एका पाकिटावरून सगळ्यांवर आरोप करणं बरोबर नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची मिळून पाच पाकिटं तोलली. एका विक्रेत्याचं वजन चोख निघालं. उरलेल्या दोघांचं नाही. एकाला फोटोसकट कळवलं, तर मला ५० रुपयांचं कूपन मिळालं, पुढच्या खरेदीवर वापरण्यासाठी. म्हणजे पाण्याची तक्रार केली तर आणखी पाणी स्वस्तात.

हे पाणी दोन वाटांनी येतं. पहिली वाट बर्फाच्या लेपाची. गोठवलेली कोलंबी हवेने वाळू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात. यात गैर काही नाही, उलट तो हवाच. मात्र कोडेक्सचं जे आंतरराष्ट्रीय मानक गोठवलेल्या कोलंबीसाठी आहे, त्यात निव्वळ वजन हा थर वगळून धरायचं असं स्पष्ट आहे. थर संरक्षणासाठी असतो, विक्रीसाठी नसतो.

दुसरी वाट दिसत नाही. कोलंबी फॉस्फेटच्या द्रावणात भिजवतात. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट हे त्यातलं सगळ्यांत नेहमीचं. त्याने मांसाची आम्लता कमी होते, प्रथिनं एकमेकांपासून थोडी सैल होतात आणि मधल्या जागेत जास्त पाणी धरून ठेवतात. मर्यादेत वापरलं तर ते कायदेशीर आहे, आणि गोठवलेली कोलंबी वितळताना तिचा रस वाहून जाऊ नये हा त्याचा रास्त उपयोगही आहे. अडचण आहे ती वजन वाढवण्यासाठी भिजवण्याची. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘आयएनएस ४५१’ किंवा ‘४५२’ लिहिलेलं असतं, ते हेच. अशी कोलंबी कच्ची असताना काचेसारखी चमकते, हाताला साबणासारखी लागते, आणि तव्यावर टाकली की परतली न जाता फेसाळ पाण्यात उकळत बसते. शिजल्यावरही तिचा रंग पूर्ण पांढरा-गुलाबी होत नाही, आत काहीतरी पारदर्शक उरतंच. दाताखाली ती कटकन तुटते खरी, पण तो कुरकुरीतपणा मांसाचा नसतो.

इथे एक आक्षेप योग्य आहे. घरी कोलंबीला चिमूटभर खायचा सोडा लावायचा सल्ला बरेच आचारी देतात, आणि त्याचं काम जवळजवळ असंच चालतं. मान्य. मीही मीठ आणि अगदी किंचित सोडा लावतो. पण तो मी माझ्या ओट्यावर, तोलून विकत घेतलेल्या कोलंबीला लावतो. त्याने धरून ठेवलेल्या पाण्याचे पैसे कुणी माझ्याकडून घेतलेले नसतात.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: ग्राहकालाच सोय हवी आहे, त्याला सोलत बसायला वेळ नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आठवड्याचे पाच दिवस माझ्याकडेही वेळ नसतो. सोलण्याचे पैसे घ्या, धागा काढण्याचे घ्या, घरी पोचवण्याचे घ्या. मी ते देतो. मंडईतल्या मावशीसुद्धा कोलंबी सोलून देण्याचे वेगळे पैसे घेतात आणि ते सांगून घेतात. सोयीची किंमत वेगळी लिहिलेली असली की तिच्याबद्दल वाद राहत नाही. ती पाण्यात विरघळवून वजनात घातली की तो वाद नाही, वजनातली लबाडी आहे.

आणि हे अशा देशात चाललं आहे जो जगातल्या मोठ्या कोलंबी निर्यातदारांपैकी एक आहे. २०२३-२४ मध्ये भारताने ७ लाख टनांहून जास्त गोठवलेली कोलंबी बाहेर पाठवली, आणि तिचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका होता. यातली बहुतेक कोलंबी म्हणजे वन्नामी. ही जात मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्याची. २००९ मध्ये आपल्याकडे तिच्या व्यापारी शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर तळीच तळी उभी राहिली. तिची प्रतवारी पौंडामागे किती नग, अशी होते: ३१ ते ४०, ४१ ते ५०. परदेशी खरेदीदार नग मोजतो, थर वितळवून वजन करतो, प्रतिजैविकांच्या अंशाची चाचणी करतो आणि माल नापास झाला तर परत पाठवतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा देशातल्या लोकांना कोलंबी खायला लावा अशी चर्चा सुरू झाली. जरूर लावा. पण मग अमेरिकेतल्या सँडविचसाठी जी तपासणी होते, तीच पुण्यातल्या सँडविचसाठीही व्हायला हवी. देशी ग्राहक म्हणजे उरलेला माल रिचवायची जागा नव्हे.

याचा अर्थ गोठवलेली कोलंबी वाईट आणि मंडईतली चांगली, असा काढू नये. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि ती असायलाच हवी. त्या दोन महिन्यांत चांगली गोठवलेली कोलंबी ही सकाळपासून बर्फाच्या पाण्यात तरंगणाऱ्या कोलंबीपेक्षा कधीही बरी. मंडईतही डोळे उघडे ठेवावे लागतात. डोक्यासकट घ्यावी, डोकं घट्ट बसलेलं हवं, काळवंडलेलं किंवा लोंबणारं नको, वास समुद्राचा हवा, अमोनियाचा नको. पण मंडईतल्या वाट्यात एक गुण आहे: काय घेतोय ते दिसतं. लहान आहे, मोठी आहे, कालची आहे, सगळं फळीवर उघडं मांडलेलं असतं आणि ‘मावशी, हे मला नको’ असं म्हणता येतं. पाकिटाला असं काही म्हणता येत नाही.

पाणी बाजारातून येतं तसं ते आपण स्वयंपाकघरातही वाढवतो, आणि तिथे मात्र सुधारणा आपल्या हातात आहे. रील्समधल्या ‘पाच मिनिटांत प्रॉन सँडविच’वाल्यांशी माझं भांडण इथे आहे. खळखळ उकळत्या पाण्यात कोलंबी टाकायची, पाच मिनिटं उकळायची, बर्फाच्या पाण्यात बुडवायची, लगेच मेयोनेजमध्ये ढवळायची. यातली प्रत्येक पायरी चुकीची आहे.

कोलंबीची प्रथिनं साधारण ५० अंशांपासून आकसायला लागतात, आणि पुढच्या वीस-पंचवीस अंशांत तिचं काम आटोपतं. १०० अंशांवर ती आतपर्यंत शिजेतो बाहेरून पिळून निघते. अर्धचंद्रासारखी वळली म्हणजे झाली; पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे गेली. म्हणून असं करावं: अर्धा किलो अख्खी मध्यम कोलंबी सोलावी, म्हणजे निम्म्याच्या आसपास मांस हाती येतं. त्याला पाऊण चमचा मीठ आणि दोन चिमटी सोडा चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं. तोवर सालं आणि डोकी लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळावी. त्यात चार मिरी, एक तमालपत्र, दोन आमसुलं. हे पाणी गाळून पूर्ण गार करावं. गार पाण्यात कोलंबी घालावी आणि मंद आचेवर हळूहळू तापवावं. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले, वाफ सुटली, पण उकळी फुटली नाही, अशा वेळी गॅस बंद. थर्मामीटर असेल तर ७५ अंश. दोन मिनिटांनी कोलंबी उपसावी. पाणी फेकू नये, रात्री त्यात कालवण होतं.

उपसलेली कोलंबी बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. जी चव तिला नुकतीच दिली ती धुऊन काढायची, आणि वर आणखी पाणी, हे कशासाठी? ती ताटात एकेक पसरावी, पंख्याखाली दहा मिनिटं, मग सुती पंचावर टिपून फ्रिजमध्ये. गार झाल्यावर एकेकीचे दोन तुकडे. वाटून लगदा करू नये. घास घेतल्यावर ही कोलंबी आहे हे जिभेला कळलं पाहिजे.

पाण्याचा पुढचा झरा म्हणजे भाज्या. अमेरिकी कृतीत सेलरी असते, कारण ती कुरकुरीत असते आणि कापल्यावर फार पाणी सोडत नाही. तिच्या जागी आपल्याकडे सर्रास काकडी आणि टोमॅटो घालतात, म्हणजे कारण सोडून फक्त रंग उचलतात. टोमॅटोला इथे जागा नाही. काकडी घालायचीच तर कोशिंबिरीसाठी चोचवतो तशी चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून. पिळलेली काकडी आपल्या आज्यांना ठाऊक होती. ते ज्ञान सँडविचच्या दारात का सोडून द्यायचं? त्याहून चांगली कैरी. कोकणात कोलंबीत कैरी घालतात ती उगाच नाही. बारीक चिरलेली कैरी कुरकुरीतपणा आणि आंबटपणा दोन्ही देते, मग लिंबाचा रसही लागत नाही. कैरीचा मोसम नसेल तेव्हा पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि थोडं लिंबू. आणि शेपू, अगदी चमचाभर.

आता मेयोनेज. खरं मेयोनेज म्हणजे बहुतांशी तेल, अंड्याच्या बलकाने बांधलेलं. आपल्या दुकानांत ‘एगलेस’ म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच बरण्यांवर तेलाच्या मागोमाग पाणी, साखर आणि स्टार्च असतात. असं गोड, पातळ मेयोनेज मिठाच्या संगतीत तासाभरात सुटतं. घरी करायचं म्हटलं तर कच्च्या अंड्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या धोक्यामुळेच. पण उकडलेल्या अंड्याच्या बलकाचंही मेयोनेज होतं. दोन बलक चमचाभर मोहरीच्या पेस्टबरोबर आणि व्हिनेगरबरोबर गुळगुळीत घोटायचे, आणि अर्धी वाटी तेल आधी थेंबाथेंबाने, मग धारेने घालत फेटायचं. दाट, पिवळसर आणि चवीला खरं. तेही नको असेल तर निम्मं विकतचं मेयोनेज आणि निम्मा चक्का. मासे आणि दही एकत्र चालत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा बंगाल्याच्या घरी दोई माछ जेवून यावं. मेयोनेज किती? कोलंबीला नुसता लेप बसेल इतकंच. चमच्याने उचलल्यावर खाली ओघळलं तर जास्त झालं.

शेवटचा बांध पावाचा. याबाबतीत मुंबईच्या रस्त्यावरचा सँडविचवाला बड्या बड्या कॅफेंपेक्षा शहाणा आहे. तो लोणी स्लाइसच्या कडेपर्यंत लावतो, एक कोपराही कोरडा सोडत नाही. चवीइतकंच ते पाणी अडवण्यासाठी असतं. स्निग्ध थराच्या पलीकडे पाणी सहजी झिरपत नाही. घरी लादीपाव मधोमध चिरून, आतून लोणी लावून, तव्यावर खरपूस भाजावा, किंवा गोव्याची पोई मिळाली तर ती. पाव गरम, सारण फ्रिजमधलं गार, आणि दोघांची गाठ ताटात. करून डब्यात भरून चार तासांनी खायचं हे सँडविच नव्हे. उन्हाळ्यात ते बाहेर ठेवायचंही नाही, उरलं तर थेट फ्रिज, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं.

एवढं सगळं करायला सोलण्यासकट तास-सव्वा तास लागतो, त्यातला निम्मा वेळ नुसता थांबायचा असतो. यात असं काहीही नाही जे कोशिंबीर आणि कालवण करणाऱ्या माणसाला येत नाही. मग ‘मला जमत नाही’ ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती फुकट आलेली नाही. पाणी भरलेला माल घरी आला, तो आपल्या तव्यावर उकळत बसला, आणि आपण आपल्या हाताला बोल लावला. माल विकणाऱ्या अॅपवरच तयार सँडविचही मिळतं. आपला स्वतःच्या स्वयंपाकावरचा विश्वास जितका उडेल, तितका त्या दुसऱ्या विक्रीचा फायदा. कुणी कट करून हे घडवलं, असं मी म्हणत नाही. कट करायची गरजच पडली नाही, कारण आपण काटा बाहेर काढलाच नाही.

आपण बँकेच्या स्टेटमेंटमधले १८ रुपये शोधून काढतो, रिक्षाच्या मीटरवरून भांडतो, आणि मासळीच्या पाकिटावर छापलेलं वजन मात्र वेदवाक्य मानतो. माझी मागणी साधी आहे. गोठवलेल्या किंवा फॉस्फेट लावलेल्या प्रत्येक पाकिटावर, समोरच्या बाजूला, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात तीन गोष्टी छापा: वितळून निथळल्यावरचं वजन, फॉस्फेट वापरलं आहे की नाही, आणि कोलंबी कुठल्या जिल्ह्यातली. परदेशी खरेदीदारासाठी ही माहिती तुमच्याकडे तयार असते. आणि ते छापेपर्यंत आपण पाकीट चाळणीत ठेवायचं, सकाळी तोलायचं, फोटो काढायचा आणि पैसे परत मागायचे. कूपन नाही, पैसे.